सेहेचाळीस किलो तीनशे ग्रॅम

नाना वजनमापे खात्यात एकतीस वर्षं होते. निवृत्त झाले ते फक्त कागदोपत्री. दुकानात गेले की आधी तराजूच्या खाली वाकून बघायचे, मग काय हवं ते मागायचे. एकदा भाचीचं बाळ बघायला गेले आणि कुणीतरी कौतुकानं सांगितलं, "तीन किलोचं आहे हो," तर नानांनी विचारलं, "कपड्यांसकट की कपड्यांशिवाय?" भाची पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही. त्यात आपलं काय चुकलं हे नानांना शेवटपर्यंत कळलं नाही.

अशा माणसाच्या हातून पस्तीस किलो सहाशे ग्रॅमची चूक झाली, आणि तीसुद्धा दोन देशांच्या सरकारांसमक्ष. त्याची ही हकिकत.

सुरुवात झाली ती एका फोनने. त्या काळी फोन बैठकीच्या खोलीत, तिवईवर, विणलेल्या रुमालाखाली झाकून ठेवलेला असायचा, आणि सीमेपलीकडून फोन आला की सगळं घर त्याच्याभोवती उभं राहायचं. नानांची एकुलती एक लेक लग्न करून सीमेपलीकडे गेली त्याला सहा वर्षं झाली होती. ती निघाली त्या दिवशी नाना रागाच्या भरात म्हणाले होते, "तिकडेच जायचं ठरवलंयस ना? मग इथलं काही मागायचं नाही." बाप रागावला की असं काहीबाही बोलतो आणि मुली ते सोडून देतात. पण ही लेक नानांचीच. तिने ते वाक्य जसंच्या तसं पाळलं. पत्रं यायची, खुशाली यायची, नातीचे फोटो यायचे. मागणं म्हणून एक यायचं नाही. शाळेचा जुना दाखला लागला तेव्हासुद्धा तिने परस्पर शाळेलाच लिहिलं. नानांची बायको, म्हणजे माई, हे अधूनमधून बोलून दाखवायची. तेवढ्यापुरते नाना वर्तमानपत्रात तोंड घालायचे.

तर त्या दिवशी लेक म्हणाली, "नाना, माझं मेज आहे का हो अजून?"

"आहे. का?"

"पोरीची शाळा सुरू होतेय. पुढच्या महिन्यात, पहिल्या सोमवारी. म्हटलं, तिला अभ्यासाला... जमलं तर हं. नाहीतर राहू द्या."

"जमेल," म्हणून नानांनी फोन ठेवला. मग आत जाऊन ते मेज पुसायला लागले. मेज दोन दिवसांपूर्वीच पुसलेलं होतं.

"अहो, पॉलिश जाईल त्याचं," माई दारातून म्हणाली.

"सोमवारच्या आत पोचलं पाहिजे," नाना म्हणाले. एवढंच. पण सहा वर्षांनी लेकीने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं, आणि ते वेळेवर पोचलं नाही तर ती सातव्या वर्षी काही मागणार नाही, हे दोघांनाही न बोलता कळत होतं.

मेज भक्कम होतं. लेक पाचवीत गेली तेव्हा नानांनी समोर उभं राहून सुताराकडून करून घेतलेलं. दोन्ही बाजूंना दारांचे कप्पे, वर तीन खण, आणि मधल्या खणाच्या मागे हात घातला तर एक छोटा चोरखण. चोरखण फक्त नानांना आणि लेकीला माहीत. माईला माहीत होता, पण माहीत नसल्यासारखं वागायची ती.

मागच्या गल्लीत एक ट्रक ड्रायव्हर राहायचा. तो दर पंधरा दिवसांनी सीमेपलीकडे माल घेऊन जायचा. नानांचा हिशेब सोपा होता: ट्रक जातोच आहे, त्यात मेज ठेवायचं, संपलं. ड्रायव्हरला त्यांनी चहाला बोलावलं. तो आला, चहा घेतला आणि खिशातून प्लास्टिकच्या वेष्टणातली एक पुस्तिका काढून मांडीवर ठेवली.

"नाना, मेज नेतो मी. मालक परवानगी देतात, गाडीत जागा असली तर एक घरगुती वस्तू चालते. पण नियम आहेत."

"नियमांचं मला सांगू नका," नाना आनंदाने म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्याशी असं कुणी बोललं नव्हतं.

ड्रायव्हर हा माणूस बेताचं बोलणारा. बावीस वर्षं सीमा ओलांडत होता आणि त्याच्या परवान्याच्या वहीत एकही शेरा नव्हता. तीन शेरे पडले की परवाना जातो, हे तो एखाद्या आजाराबद्दल सांगावं तसं हळू आवाजात सांगायचा. त्याने नियम वाचून दाखवले. दिवसात नऊ तासांच्या वर गाडी चालवायची नाही. केबिनमध्ये दुसरा माणूस बसवायचा नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. गोदामात गाडी भरली की दाराला शिशाचं सील लागतं, ते सीमेवरचा अधिकारी सोडून कुणी तोडायचं नाही. "आणि मुख्य म्हणजे," पुस्तिका मिटून तो म्हणाला, "कागदावर आहे ते गाडीत, आणि गाडीत आहे ते कागदावर. एवढं पाळलं की बाकी सगळं निभतं."

"वा," नाना म्हणाले. "वा!"

फॉर्म सहा प्रतींत होता. नानांनी तो तीन संध्याकाळी बसून भरला. 'वस्तूचे नाव' या रकान्यात 'मेज, लाकडी, एक'. 'वस्तूचा उपयोग' मध्ये 'अभ्यास'. 'किती वर्षे वापरात' मध्ये त्यांनी आधी एकोणीस लिहिलं, मग लेक गेल्यानंतरची सहा वर्षं वजा करावीत की काय यावर एक संध्याकाळ घालवली. वजनासाठी त्यांनी जुन्या खात्यातून काटा मागवला, मेज रिकामं करून त्यावर चढवलं, तीनदा वजन केलं, तिन्ही आकड्यांची सरासरी काढली (तिन्ही आकडे एकच होते) आणि सहाही प्रतींवर लिहिलं: सेहेचाळीस किलो तीनशे ग्रॅम.

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं, आणि चालत राहिलंही असतं, पण वरच्या मजल्यावरचे 'ऐकलंत का' जिना उतरून आले.

हे एक निवृत्त हेडमास्तर. प्रत्येक वाक्य "ऐकलंत का" असं म्हणून सुरू करायचे, म्हणून सगळी इमारत त्यांना तेच म्हणायची. ट्रक, सीमा, परदेश यांतलं त्यांना काहीही ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्यांचं मत पक्कं होतं.

"ऐकलंत का, नाना, उघडं मेज पाठवणार? कोपरे उडतील. लाकडी खोका करा त्याला. आमच्या मेहुण्याने आरसा पाठवला होता खोक्यातून. एक चरा नाही."

"आरसा पोचला?"

"फुटला. पण चरा नव्हता."

आता नानांनी हे ऐकायला नको होतं. पण कोपरे उडतील हा शब्द डोक्यात बसला. सुताराला बोलावलं. घरात खोका करायला जागा नाही म्हणून चार जणांनी मेज खाली जिन्याच्या बोळात आणून ठेवलं. किल्ल्या हरवतील म्हणून नानांनी त्या बोळातल्याच खिळ्याला अडकवल्या. या एका खिळ्याने पुढचं सगळं घडवलं.

सुताराने दोन दिवसांत ताज्या फळ्यांचा असा काही खोका केला की आत मेज आहे की हत्ती, सांगता येऊ नये. ड्रायव्हर बघायला आला. खोक्याभोवती एक फेरी मारली आणि पुस्तिका काढली.

"नाना, कच्च्या लाकडाचं वेष्टण चालत नाही. लाकूड भट्टीत तापवून त्यावर शिक्का मारलेला लागतो. नाहीतर कीड जाते पलीकडे."

"पण मेजही लाकडाचंच आहे!"

"मेज पॉलिश केलेलं आहे. वापरलेलं आहे. ते जाईल. त्याला सांभाळायला केलंत ते जाणार नाही."

"आमच्या लाकडात कीड?" सुतार म्हणाला. त्याच्या चार पिढ्यांत असं कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं.

"तुमच्या नाही हो. नियमाच्या."

खोका तोडला. सुताराने तो बांधायला दोन दिवस घेतले होते, तोडायला तीन घेतले, कारण मध्येमध्ये तो थांबून फळ्यांकडे बघायचा. मग मेजाला जाड पुठ्ठा आणि दोरी असं ठरलं. या सगळ्यात मेज जिन्याच्या बोळात पाच दिवस उभं होतं, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याच्यापाशी थांबत होता.

गुरुवारी संध्याकाळी पुठ्ठा बांधून झाला. शुक्रवारी सकाळी गोदामात न्यायला दोन हमाल आले. त्यांनी मेज उचललं आणि परत खाली ठेवलं.

"नाना, किती किलो म्हणालात?"

"सेहेचाळीस किलो तीनशे ग्रॅम."

हमालांनी एकमेकांकडे पाहिलं. "जास्त वाटतंय," मोठा हमाल म्हणाला. "एकदा काट्यावर घ्या ना परत. गोदामात आहे काटा."

आता या जागी दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बरं, घेऊ या. पण नानांना आयुष्यात वजन सांगणारे खूप भेटले होते. बहुतेक सगळे लबाड दुकानदार होते. "वजन मला सांगता?" ते म्हणाले. "एकतीस वर्षं, दादा. एकतीस! हाताला जड लागतं ते वजन नव्हे. काल पाऊण दिवस टाइल्स उचलल्या असतील तुम्ही, म्हणून हात दमलेत."

हमालाने पुन्हा दोरीला हात घातला. त्याच्या हातांना काय वाटत होतं ते त्याने तोंडातच ठेवलं. गोदामात दोनशे बारा वॉशबेसिनांच्या मागे मेज चढलं, दाराला शिशाचं सील लागलं, आणि ट्रक गेला. नाना रस्त्याच्या कडेला तो वळेपर्यंत उभे राहिले. शनिवारी सीमा, रविवारी लेकीचं घर, सोमवारी शाळा. चोख.

दुपारी चहाच्या वेळी माई सहज म्हणाली, "मशीन पोचली की तिला आधी तेल द्यायला सांगा हं फोनवर. सहा महिने चालवली नाहीये मी."

"कुठली मशीन?"

"शिवणाची. हातमशीनचं डोकं. उजव्या कप्प्यात ठेवलंय."

नानांनी कप बशीत ठेवला. "मेजात?"

"मग काय ट्रकच्या टायरमध्ये? अहो, सहा वर्षांनी लेकीकडे काही जातंय ते काय रिकामं पाठवायचं? दोन गोधड्याही आहेत. मशीनला धक्के बसू नयेत म्हणून."

आमच्यात रिकामं काही पाठवत नाहीत, असं माई पुढे म्हणाली, पण नाना तोवर जिन्यात पोचले होते. तिथे तळमजल्यावरच्या आजी पायरीवर विणत बसल्या होत्या.

"आजी, तुम्ही त्या मेजात काही..."

"नाही रे बाबा," आजी म्हणाल्या. "फक्त पोरीसाठी स्वेटर. तीन. वाढत्या अंगाचे. आणि एका पाकिटात फुलांचं बी, ते काय वजनात धरायचं?"

वरून आवाज आला. "ऐकलंत का, नाना, मी माझ्या आत्मचरित्राच्या थोड्या प्रती ठेवल्यात डाव्या कप्प्यात. तिकडच्या ग्रंथालयांना."

"थोड्या म्हणजे किती?"

"अठरा."

सुताराने नंतर कबूल केलं की खोका गेला तर गेला, पण मेज वाटेत खिळखिळं झालं तर असावं म्हणून त्याने उजवीकडच्या खणात एक डबा ठेवला होता. स्क्रू, बिजागऱ्या, सरस. हे सगळं खिळ्यावरच्या किल्लीने झालं आणि प्रत्येकाने उघडल्यावर किल्ली परत जागच्या जागी लावून ठेवली. या बाबतीत इमारतीतली माणसं फार शिस्तीची.

सगळ्यांना, अगदी आजींनासुद्धा, बोलून झाल्यावर नाना जिन्यावरच बसले. कागदावर सहा वेळा त्यांच्या सहीने रिकाम्या मेजाचं वजन होतं. ट्रकला फोन नसतो. सील तोडता येत नाही. आणि सीमेवर शनिवारी चारला कचेरी बंद होते ती सोमवारी उघडते, हे पुस्तिकेत पान सातवर त्यांनी स्वतः वाचलं होतं.

संध्याकाळी फोन आला तो सीमेवरच्या चौकीतून. ड्रायव्हर नेहमीपेक्षा हळू बोलत होता.

"नाना, काट्यावर गाडी चाळीस किलो जास्त भरली. बेसिनं मोजली, बरोबर आहेत. तुमचं मेज उतरवून ठेवलंय. माल पाठवणारा समोर असल्याशिवाय उघडत नाहीत. उद्या या." मग म्हणाला, "शेरा अजून लिहिलेला नाही. पेन हातात घेतलंय इथल्या अधिकारी बाईंनी."

शनिवारी पहाटेच्या बसने नाना निघाले. पिशवीत डबा, पाण्याची बाटली, मेजाच्या किल्ल्या आणि आपला स्वतःचा स्प्रिंगचा काटा. परक्याच्या काट्यावर त्यांचा विश्वास नसे. माई बसथांब्यापर्यंत आली. "मी मशीन काढून ठेवली असती हो, तुम्ही आधी सांगितलं असतंत तर," असं ती तीनदा म्हणाली. नानांनी पिशवी बसमध्ये चढवली. बस सुटता सुटता खिडकीतून एवढंच म्हणाले, "तेल कोणतं द्यायचं?"

सीमा म्हणजे नानांना काहीतरी भव्य वाटलं होतं. प्रत्यक्षात एक लांब पत्र्याची शेड, एक लाल-पांढरा दांडा, दांड्याच्या अलीकडे ट्रकची रांग आणि पलीकडे ट्रकची रांग. दोन्ही रांगांतले ड्रायव्हर सारखेच कंटाळलेले. दांड्याच्या पलीकडची झाडं अलीकडच्या झाडांसारखीच होती. नानांनी त्या बाजूला पाहिलं, आणि लेक याच रस्त्याने गेली असणार हे त्यांना तिथे पहिल्यांदा सुचलं.

शेडमध्ये एका टेबलामागे अधिकारी बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात लटकवलेला. मेज जमिनीवरच्या काट्याशेजारी, पुठ्ठ्यात. ड्रायव्हर भिंतीला टेकून उभा, परवान्याची वही छातीशी धरून.

"सेहेचाळीस किलो तीनशे ग्रॅम हे कुणी लिहिलंय?" बाईंनी विचारलं.

"मी."

"अंदाजे?"

इतका अपमान नानांचा भाचीनेही केला नव्हता. "बाई, अंदाजे हा शब्द मी आयुष्यात कागदावर लिहिलेला नाही. आणि तुमच्या गाडीच्या काट्याचं म्हणाल तर त्याचा सगळ्यात लहान आकडा वीस किलोचा. वीस किलोच्या टप्प्याने मोजणाऱ्या काट्याने मेजावर आरोप करावा हे मला पटत नाही."

"म्हणून छोट्या काट्यावर घेतलंय," बाई शांतपणे म्हणाल्या. "पुठ्ठा-दोरी वजा करून एक्क्याऐंशी किलो नऊशे ग्रॅम."

नानांनी मनात वजाबाकी केली आणि मान खाली घातली. "कागद माझा आहे, चूक माझी आहे," ते म्हणाले. "जे काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा. या माणसाच्या वहीत काही लिहू नका. त्याने मला सांगितलं होतं."

बाईंनी पहिल्यांदा चष्मा डोळ्यांवर लावला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. "ज्याची चूक त्याच्या नावावर, असा नियमच आहे. पण आधी चूक कुणाची ते कळायला हवं. आतली एकेक वस्तू काढा, वजन करा, नव्या यादीत लिहा. बेरीज ग्रॅमपर्यंत जुळली तर पाठवणाऱ्याची चूक धरू. जुळली नाही तर गाडीत वाटेत काहीतरी भरलं असा अर्थ होतो. मग ते ड्रायव्हरवर." घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "साडेअकरा झालेत. चारला मी कुलूप लावते."

नानांनी पुठ्ठा सोडला. उजव्या कप्प्यातून मशीन निघाली, गोधड्यांत गुंडाळलेली. सुईला दोरा ओवून ठेवला होता, म्हणजे लेकीला शोधायला नको. मशीन आणि गोधड्या मिळून पंधरा किलो सहाशे. मग डाव्या कप्प्यातून एकामागून एक अठरा पुस्तकं निघाली, तशा बाईंच्या भुवया वर वर जायला लागल्या.

"एकाच पुस्तकाच्या अठरा प्रती? हा विक्रीचा माल झाला. त्याला फॉर्म वेगळा, शिक्का वेगळा."

"बाई," नाना कळवळून म्हणाले, "हे पुस्तक विकलं जात नाही. दहा वर्षांचा साक्षीदार आहे मी."

बाईंनी एक प्रत उघडली. मधलंच एक पान वाचलं. मग दुसरं. पुस्तक हलकेच मिटलं आणि यादीत लिहिलं, 'विक्रीयोग्य नाही.' पंधरा किलो तीनशे.

स्वेटर एक किलो नऊशे, पाकिटासकट. पाकिटावर आजींच्या अक्षरात 'दारात लाव' असं लिहिलेलं. बाईंनी ते हलवून पाहिलं. आत बी खुळखुळलं.

"बी जाणार नाही."

"चार ग्रॅमसुद्धा भरणार नाही हो!"

"चार ग्रॅममध्ये अख्खं शेत खाणारी कीड मावते. परत घेऊन जा, अजून इकडेच आहात तोवर हरकत नाही. यादीत 'परत' लिहिते."

नानांनी पाकीट शर्टाच्या खिशात ठेवलं. शेवटी सुताराचा डबा, दोन किलो तीनशे. नानांनी प्रत्येक वस्तू बाईंच्या काट्यावर ठेवली, मग स्वतःच्या काट्याला टांगून पाहिली, आणि दर वेळी दोन्ही आकडे जुळले की दोघंही एकमेकांकडे बघून किंचित मान हलवायचे. त्या शेडमध्ये इतक्या वर्षांत वजनाकडे असं लक्ष दुसऱ्या कुणी दिलं नसावं. तीन वाजेपर्यंत बेरीज झाली.

पस्तीस किलो शंभर.

"आणि हवेत पस्तीस किलो सहाशे," बाई म्हणाल्या. "पाचशे ग्रॅम कुठे आहेत?"

मेज आता रिकामं होतं. तिन्ही खण बाहेर काढून उलटे करून दाखवले होते. नानांनी बेरीज पुन्हा केली. ड्रायव्हरनेही केली, ओठ हलवत. पाचशे ग्रॅम. ड्रायव्हरने वही छातीशी आणखी घट्ट धरली.

"काटा चुकतोय तुमचा," नाना म्हणाले.

"इतका वेळ बरोबर होता."

"हलक्या वजनाला बरोबर होता. जड वजनाला चुकत असेल. बाई, मी असे काटे पाहिलेत. मी घरी तीनदा वजन केलंय, माझ्या डोळ्यांसमोर, रिकाम्या मेजाचं. काटाच चुकतोय. तपासून बघा. एखादं प्रमाणित वजन आणा, काट्यावर ठेवा, लगेच कळेल."

"प्रमाणित वजनं तुमच्या खात्याचे लोक वर्षातून एकदा घेऊन येतात आणि परत नेतात. इथे कुठून आणू?"

"एक तरी असेल! शिक्क्याचं, पितळी. किलोचं नको, अर्ध्या किलोचं चालेल. अर्ध्या किलोचं पितळी..."

नाना बोलता बोलता थांबले.

शेडमध्ये तेव्हा पंख्याचा आवाज होता. सव्वातीन वाजले होते. नाना हळूहळू गुडघ्यांवर बसले, मधल्या खणाच्या जागेतून कोपरापर्यंत हात आत घातला आणि काहीतरी दाबलं. चोरखण टचकन उघडला. त्यांनी आतून एक पितळी वजन काढलं. अर्ध्या किलोचं, वर्षानुवर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेलं, डोक्यावर सरकारी शिक्का. ते त्यांनी काट्यावर ठेवलं.

काटा बरोबर पाचशेवर येऊन थांबला. एक ग्रॅम इकडे नाही, एक ग्रॅम तिकडे नाही.

"काटा बरोबर आहे," नाना म्हणाले.

कुणी हसलं नाही, हे त्या दोघांचं मोठेपण. बाईंनी विचारलं, "हे कुणी ठेवलं?"

"मी. गुरुवारी. पुठ्ठा बांधायच्या आधी."

"मग लिहिलं का नाही?"

नाना उभे राहिले. गुडघे झटकले. "एकतीस वर्षांत वजनाचं वजन कधी लिहिलं नाही, बाई. माल एका पारड्यात, वजन दुसऱ्या. लिहायचं ते मालाचं. हे सामान आहे असं मला वाटलंच नाही." त्यांनी वजन काट्यावरून उचललं. "सगळ्या इमारतीला मी काल बोललो. आजींनासुद्धा."

"यादीत घ्यायला हवं," बाई म्हणाल्या आणि लिहायला लागल्या. "पितळी वजन, अर्धा किलो, एक. उपयोग?"

हा रकाना घरी बसून नानांनी कसा भरला असता कोण जाणे. इथे ते पटकन म्हणाले, "कागद उडू नयेत म्हणून. खिडकीशी बसायची ती अभ्यासाला. वारा यायचा. मागायची मला हे. सरकारी आहे म्हणून मी दिलं नाही."

बाईंनी 'कागदांवर ठेवण्यासाठी' असं लिहिलं, यादीवर शिक्का मारला, आणि वेगळ्या वहीत नानांच्या नावावर एक शेरा लिहून त्यांच्यापुढे सरकवला: 'माल पाठवणाऱ्याने माहिती अपुरी दिली.' नानांनी तो दोनदा वाचला. आयुष्यातला पहिला शेरा. "अपुरी बरोबर आहे," ते म्हणाले आणि सही केली. ड्रायव्हरने परवान्याची वही खिशात घातली आणि तिच्यावरून एकदा हात फिरवला.

"पण आज निघून उद्या पोचाल ना?" नानांनी त्याला विचारलं. "तुमचे ते नऊ तास..."

"काल संध्याकाळपासून थांबलोय, ती सगळी विश्रांती धरली जाते. नियम चौदा," ड्रायव्हर म्हणाला. त्या दोन दिवसांत तो पहिल्यांदाच हसला. "बावीस वर्षांत पहिल्यांदा नियम माझ्या बाजूने आला, नाना."

चारला दहा मिनिटं असताना लाल-पांढरा दांडा वर गेला. ट्रक पलीकडे गेला, दांडा खाली आला. नाना तिथे उभे राहिले. मग खिशातलं बियांचं पाकीट चाचपलं आणि बसच्या दिशेने निघाले. आजी पुढे कितीतरी दिवस विचारायच्या, "फुलं उगवली का रे तिकडे?" आणि आयुष्यात कधी खोटं न बोललेले नाना सांगायचे, "बी अगदी सुरक्षित आहे, आजी."

सोमवारी संध्याकाळी फोन वाजला. माई, आजी, ऐकलंत का, सगळे तिवईभोवती उभे.

"पोचलं, नाना. काल दुपारीच," लेक म्हणाली. "पोरगी आज शाळेतून आली ती त्याच्यावरच चढून बसलीय." मग आवाज बारीक करून म्हणाली, "चोरखण उघडला मी."

"हं."

"ते सरकारी आहे ना? हात लावू द्यायचे नाही तुम्ही मला."

"सरकारी नाही. निवृत्त झालो तेव्हा खात्याने मोडीत काढलं, मी रीतसर घेतलं. पावती आहे."

"असू दे हो पावती," लेक म्हणाली. तारेवर जराशी खरखर झाली, किंवा तिचाच आवाज असेल. "नाना, आणखी एक मागू?"

"थांब. कागद घेतो." नानांनी माईकडे हात केला. माईने पेन दिलं. "हां, सांग."

"त्या मेजाची खुर्ची. पोरीला आमची उंच होते."

नानांनी कोऱ्या फॉर्मवर लिहिलं, 'खुर्ची, लाकडी, एक.' फोन ठेवला आणि भोवतीच्या मंडळींकडे वळून बजावलं, "खुर्चीला खण नसतात. कप्पे नसतात. आधीच सांगून ठेवतो."

"नसेनात," आजी म्हणाल्या. "बसायच्या जागेवर गाठोडं बांधता येतं की."

"ऐकलंत का," हेडमास्तर म्हणाले, "माझी दुसरी आवृत्ती येतेय."

नानांनी चष्मा पुसला, फॉर्म पुढे ओढला आणि बाकीचे सगळे रकाने आपल्या सुवाच्य अक्षरात भरले. वजनाचा मात्र कोरा ठेवला.